माध्यमिक शाळेतील मुलींसाठी आहार-व्यायाम कार्यक्रम : व्याख्यान कमी, सोय जास्त

सिंधुदुर्गच्या किनाऱ्यावरील एका माध्यमिक विद्यालयातील शिक्षिकांचा प्रश्न थोडक्यात असा आहे. त्यांच्या शाळेतील आठवी ते दहावीच्या बहुतेक मुली मासेमारीवर, आंबा-काजूच्या बागांतील मजुरीवर किंवा मिळेल त्या रोजंदारीवर चालणाऱ्या घरांतून येतात. परिपाठाला उभे असताना काहींना भोवळ येते, शारीरिक शिक्षणाच्या तासाला बऱ्याच जणी भिंतीला टेकून बसतात आणि मधल्या सुट्टीत डब्याऐवजी पाच रुपयांची पाकिटे फुटतात. एका देणगीदाराने आहारावरील व्याख्यान, भिंतीवर लावायचे रंगीत तक्ते आणि प्रथिनांच्या पावडरीचे डबे देऊ केले आहेत. ते घ्यावेत का, आणि वर्षभराचा कार्यक्रम आखायचा झाल्यास तो कसा आखावा, असे त्यांनी विचारले आहे.

व्याख्यान एकदा ठेवायला हरकत नाही आणि तक्तेही लावावेत. पावडरीचे डबे मात्र नम्रपणे नाकारावेत आणि त्याच रकमेचे शेंगदाणे, गूळ, नाचणी व अंडी मागून घ्यावीत. रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग जिल्ह्यांतील शाळांमध्ये अनेक वर्षे हेच काम करताना माझे मत असे बनले आहे की, या मुलींना माहितीची वाण नाही. हिरव्या पालेभाज्यांत लोह असते, हे वाक्य त्यांना पाचवीपासून पाठ असते. वाण आहे ती सकाळच्या वेळेची, घरच्या ताटातील वाट्याची आणि शाळेतील मोकळ्या, निर्धास्त जागेची. त्यामुळे कार्यक्रमाचा भर शिकवण्यावर ठेवला तर वर्षाच्या शेवटी छायाचित्रे पुष्कळ जमतात आणि मुलींच्या प्रकृतीत फारसे काही बदलत नाही.

हा केवळ माझा ग्रह नाही. ऑस्ट्रेलियातील न्यू साउथ वेल्स राज्यात अल्प उत्पन्न गटातील वस्त्यांच्या १२ माध्यमिक शाळांमध्ये ३५७ मुलींवर ‘नीट गर्ल्स’ नावाची मोठी चाचणी झाली आणि तिचे वर्षभराचे निष्कर्ष २०१२ मध्ये प्रसिद्ध झाले. त्या कार्यक्रमात खेळाचे तास, आहाराच्या कार्यशाळा, पावले मोजणारी यंत्रे, पालकांना पत्रके आणि मुलींना मोबाइलवर संदेश असे सारे काही होते. तरीही वर्षाअखेरीस वजन-उंचीच्या निर्देशांकात कार्यक्रमातील आणि कार्यक्रमाबाहेरील मुलींच्या गटांमध्ये लक्षणीय फरक आढळला नाही. टीव्ही आणि संगणकासमोरचा वेळ मात्र दिवसाला सुमारे अर्ध्या तासाने कमी झाला. आपल्या दृष्टीने त्यातील महत्त्वाची बाब अशी की, मधल्या सुट्टीत ठेवलेल्या ऐच्छिक सत्रांची हजेरी सर्वांत कमी राहिली आणि वेळापत्रकात बसवलेल्या तासांना मुली तुलनेने बऱ्याच प्रमाणात आल्या. अमेरिकेत ३६ शाळांमध्ये झालेल्या अशाच एका प्रयत्नात मुलींच्या मध्यम ते जोमदार हालचालीत दिवसाला दोन मिनिटांहूनही कमी वाढ नोंदवली गेली. याचा अर्थ असे कार्यक्रम निरुपयोगी आहेत, असा मी लावत नाही. जे वेळापत्रकाच्या बाहेर राहते ते टिकत नाही आणि वजनाचा आकडा हे यशाचे माप धरू नये, असा लावते. शिवाय त्या देशांतील चिंता मुख्यतः लठ्ठपणाची होती. आपल्याकडे एकाच वर्गात हाडांचा सापळा दिसणारी मुलगी आणि पाकिटांवर वाढलेली मुलगी शेजारी शेजारी बसलेल्या असतात, आणि रक्त दोघींचेही कमी असते.

भोवळीपासूनच सुरुवात करू, कारण प्रश्नातील सर्वांत तातडीची बाब तीच आहे. वाडीवरून येणारी मुलगी पहाटे उठते, पाणी भरते, आई मासे विकायला किंवा बागेत कामाला गेलेली असल्यास धाकट्यांचे आवरते आणि सकाळची एस.टी. गाठते. या सगळ्यात तिच्या पोटात गेलेले असते कपभर चहा आणि दोन टोस्ट किंवा एखादी खारी. नंतर तिचे पहिले खरे खाणे दुपारी होते. परिपाठाला पडणारी मुलगी बहुतेक वेळा उपाशी असते आणि त्यातच तिला रक्तक्षय, म्हणजे ॲनिमिया, असतो. पूर्वी घरोघरी सकाळी पेज असायची. उकड्या तांदळाची पेज, सोबत थोडी सुकट किंवा वालीची भाजी, यावर माणूस दुपारपर्यंत तग धरत असे. चहा-टोस्टने ती जागा घेतली तिथे बिघाड सुरू झाला, असे मला वाटते. पण मुलींना ‘पेज खा’ असे सांगून काही होत नाही, कारण पहाटे चूल कोणी पेटवायची, हा प्रश्न तसाच राहतो.

म्हणून पहिली सोय शाळेतच करावी. परिपाठापूर्वी प्रत्येकीला ३० ग्रॅम, म्हणजे साधारण मूठभर, भाजलेले शेंगदाणे आणि गुळाचा खडा मिळाला तरी सात-आठ ग्रॅम प्रथिने आणि दोनशेच्या आसपास उष्मांक पोटात जातात. आठवड्यातून दोन दिवस नाचणीचा लाडू ठेवावा आणि दोन दिवस उकडलेले अंडे. जी मुलगी अंडे खात नाही तिला केळे व शेंगदाणे द्यावेत आणि त्याची चर्चा वर्गात करू नये. शेंगदाण्याने ज्या मुलीला पूर्वी त्रास झाला असेल तिची चौकशी मात्र आधी करून ठेवावी. वाटप वर्गशिक्षिकेच्या हातून न करता दहावीच्या मुलींकडे सोपवल्यास त्याला दानधर्माचे रूप येत नाही. कोणाला द्यायचे आणि कोणाला नाही, याची यादी करू नये, सर्वांना द्यावे. गरीब मुलींची वेगळी रांग लावली की ज्यांना सर्वाधिक गरज असते त्याच सर्वांत आधी ‘मला नको’ म्हणतात.

यातच नववीचा प्रश्न येतो, आणि त्याकडे धोरणाने कानाडोळा केला आहे. शालेय पोषण आहार आठवीपर्यंतच मिळतो. सहावी ते आठवीच्या विद्यार्थ्याला त्यातून ७०० उष्मांक आणि २० ग्रॅम प्रथिने मिळावीत, असे प्रमाण ठरलेले आहे. मुलगी नववीत गेली की तिचे ताट बंद होते. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या २०२० च्या शिफारशींनुसार १३ ते १५ वर्षांच्या मुलीला दिवसाला ३० मिलिग्रॅम लोह लागते आणि त्याच वयाच्या मुलाला २२. सोळाव्या वर्षानंतर मुलीची गरज ३२ पर्यंत जाते. गरज वाढते तेव्हाच शाळेतील जेवण थांबते, आणि पाचवी ते दहावीचे वर्ग एकाच इमारतीत असलेल्या शाळेत तर धाकटी बहीण ओसरीवर खिचडी खात असते आणि थोरली वर्गात पाकीट फोडत असते. योजनेतच ‘तिथी भोजन’ या नावाने लोकसहभागाची सोय आहे. वाढदिवस, श्राद्ध, गावची जत्रा अशा निमित्ताने गावकरी शाळेत पदार्थ देऊ शकतात. ते घेताना नववी-दहावीच्या मुलींनाही पंगतीत बसवण्याचा आग्रह शाळेने धरावा. चाकरमानी मंडळी गणपतीला आणि शिमग्याला गावी येतात आणि शाळेला काहीतरी द्यायची त्यांची मनापासून इच्छा असते. दरवर्षी तीच दप्तरे आणि वह्या घेण्यापेक्षा, वर्षभराचे शेंगदाणे द्या, असे त्यांना स्पष्ट सांगावे. ग्रामपंचायतीच्या स्वउत्पन्नातील १० टक्के रक्कम महिला व बालकल्याणासाठी राखीव असते, तिचीही मागणी ग्रामसभेत लेखी करावी. लाडू गावातील बचत गटाकडून करून घेतले तर ते ताजे मिळतात आणि पैसा गावातच राहतो.

आता रक्तक्षय. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या फेरीत देशातील १५ ते १९ वयाच्या मुलींपैकी ५९ टक्के मुलींमध्ये रक्तक्षय आढळला. त्यामुळे तुमच्या वर्गात निम्म्याहून अधिक मुलींना तो असेल, असे धरूनच चालावे. शासनाची आठवड्याला एक निळी गोळी शाळेत येते. तिच्यात ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक आम्ल असते. ही गोळी मुली घेतात का, हा खरा प्रश्न आहे. अनेक शाळांत ती हातावर ठेवली जाते, मुलगी मूठ मिटते आणि गोळी खिडकीबाहेर जाते. कारण ऐकले तर त्यात तथ्य असते : उपाशी पोटी घेतल्यावर मळमळते, एखादी ओकते, तिला पाहून दुसरीला तसेच वाटू लागते आणि दुपारपर्यंत गावात बातमी पसरते की, गोळीने मुली आजारी पडल्या. उपाय साधा आहे. ज्या दिवशी गोळी असेल त्या दिवशी आधी खायला द्यावे, जेवणानंतर शिक्षिकेने स्वतः सर्वांसमोर उभे राहून मुलींना गोळी घ्यायला लावावी, शौचाचा रंग काळा होतो आणि त्यात घाबरण्यासारखे काही नाही हे आधीच सांगून ठेवावे, आणि गोळीच्या मागेपुढे तासभर चहा नको, हे आयांच्या सभेत बजावावे. वर्षातून दोनदा येणारी जंताची गोळी चुकवू नये, कारण बागेत आणि परसात अनवाणी वावरणाऱ्या मुलींच्या आतड्यांतील अंकुशकृमी रक्तच शोषतात.

हिमोग्लोबिनची तपासणी शाळा आरोग्य तपासणीच्या पथकाकडून किंवा प्राथमिक आरोग्य केंद्राकडून जून-जुलैतच करून घ्यावी. या वयाच्या मुलीला १२ (ग्रॅम प्रति डेसिलिटर) पेक्षा कमी म्हणजे रक्तक्षय, ११ पेक्षा कमी म्हणजे मध्यम आणि ८ पेक्षा कमी म्हणजे तीव्र, असे मानतात. मध्यम रक्तक्षय असलेल्या मुलीला आठवड्याच्या गोळीवर ठेवून भागत नाही; तिला डॉक्टरांच्या देखरेखीखाली रोजची मात्रा आणि काही महिन्यांनी फेरतपासणी लागते. ८ पेक्षा कमी असलेल्या मुलीला त्याच आठवड्यात पालकांसह दवाखान्यात पाठवावे आणि ती सावरेपर्यंत धावण्याच्या खेळांतून सूट द्यावी. औषध नियमित घेऊनही आकडा हलत नसेल तर थॅलेसेमिया या रक्ताच्या आनुवंशिक आजाराची तपासणी करून घ्यावी. पाळीत अंगावरून फार जाते का, तेही विचारावे. मुली आपण होऊन सांगत नाहीत.

घरच्या आहाराबाबत बोलताना परक्या पदार्थांचे नाव काढू नये, हा माझा आग्रह आहे. ओट्स, ब्रोकोली, बदाम असलेला तक्ता या मुलींसमोर टांगणे म्हणजे त्यांच्या घरची चूल हिणवणे आहे. आपल्या किनाऱ्यावर गरिबाच्या घरी जे शिजत आले आहे त्यात उत्तम अन्न भरपूर आहे. नाचणीच्या १०० ग्रॅममध्ये ३५० मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असते, तांदळात ते नगण्य असते. कुळथाची पिठी प्रथिने आणि लोह दोन्ही देते. तारली काट्यांसकट खाल्ली की कॅल्शियमही मिळते, आणि मासळीसोबत खाल्लेल्या भाजी-डाळीतील लोहही शरीरात अधिक शोषले जाते. जून-जुलैत मासेमारी बंद असते तेव्हा सुका जवळा कामाला येतो. तो वाळू निवडून, भाजून, कांदा-खोबऱ्यासोबत चटणी केली तर भाकरीबरोबर चमचाभरही पुष्कळ काम करतो. खारवलेल्या मासळीत मीठ फार असते, म्हणून ती रोजची नसावी. पावसाळ्यात टाकळा, भारंगी, कुर्डू फुकट उगवतात आणि शेवगा तर दारातच असतो. पालेभाजी किंवा डाळीवर लिंबू पिळले, सोबत पेरू किंवा आवळा खाल्ला तर लोह चांगले लागू पडते. सोलकढीचे कौतुक करताना थोडे जपून राहावे. कोकमाचा आंबटपणा मुख्यतः हायड्रॉक्सिसिट्रिक आम्लाचा आहे, त्यामुळे तिला लिंबू-आवळ्याचा पर्याय समजू नये.

पदार्थांपेक्षा अवघड गोष्ट वाटणीची आहे. पुष्कळ घरांत माशाची तुकडी बापाला आणि भावाला जाते, आईच्या आणि मुलीच्या भातावर नुसते तिखले, म्हणजे माशाचा रस्सा, येते. सोमवार, गुरुवार, शनिवार मासळी वर्ज्य, श्रावणात महिनाभर बंद, त्यात संकष्टी आणि हरतालिका. या सर्वांत सर्वाधिक उपास वाढत्या मुलीला घडतात. यावर वर्गात टीका केली तर मुली अवघडतात आणि घरी भांडण होते. आयांना शाळेत बोलावून, मुलीचा हिमोग्लोबिनचा आकडा प्रत्येकीला एकटीला दाखवून, ‘भावाइतकेच हिलाही वाढा’ एवढेच सांगितले, तर त्याचा उपयोग होतो, असा माझा अनुभव आहे. बापांनाही बोलवावे; ते येतात, फक्त सभा दर्यावर जायच्या वेळी ठेवू नये. मुलगी उपास करणारच असेल तर साबुदाण्याऐवजी शेंगदाणे, रताळे, दूध, केळे खाऊन करावा, एवढी तडजोड बहुतेक घरांना मान्य होते.

पाकिटांविषयी फार लिहीत नाही. शाळेच्या फाटकापासून ५० मीटरच्या आत अतिचरबी, अतिमीठ व अतिसाखरेचे पदार्थ विकू नयेत, असा अन्न सुरक्षा प्राधिकरणाचा २०२० चा नियम आहे. तो दाखवून दुकानदाराशी गोडीने बोलावे आणि त्याच्याच दुकानात चिक्की व भाजके चणे ठेवायला सांगावे. सकाळी पोटात काही पडले की पाकिटांची मागणी आपोआप कमी होते.

व्यायामाकडे वळताना एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे : या मुली आळशी नाहीत. डोक्यावर हंडा घेऊन घाटी चढणाऱ्या, हंगामात आंब्याच्या पेट्या उचलणाऱ्या, सुट्टीत मासळी वाळत घालणाऱ्या मुलीला ‘हालचाल करा’ असा उपदेश करणे हास्यास्पद आहे. ती भिंतीला टेकते, कारण ती थकलेली असते, मैदान मुलांनी व्यापलेले असते, ओढणी सावरत पळता येत नाही आणि कोणीतरी बघून हसेल, अशी भीती असते. दुसरीकडे, बाजारपेठेजवळ राहणारी, रिक्षाने येणारी आणि संध्याकाळ मोबाइलवर घालवणारी मुलगीही त्याच वर्गात आहे. जागतिक आरोग्य संघटनेने या वयासाठी दिवसाला सरासरी ६० मिनिटांची मध्यम ते जोमदार हालचाल आणि आठवड्यातून किमान तीन दिवस स्नायू व हाडे बळकट करणारा व्यायाम सुचवला आहे. शाळेपर्यंतची चढण त्यात धरावी आणि उरलेला वाटा शाळेने द्यावा.

तो वेळ शाळा सुटल्यावर ठेवू नये. शेवटची एस.टी. गेली की मुलीला घरी जायला वाहन नसते आणि काळोख पडण्यापूर्वी ती घरी पोहोचली नाही तर दुसऱ्या दिवशी तिचे खेळणे बंद होते. शारीरिक शिक्षणाचा तास नववी-दहावीत गणिताला देऊन टाकण्याची प्रथा मुख्याध्यापकांनी थांबवावी. मैदान आठवड्यातून ठरावीक तासांना फक्त मुलींचे असावे आणि त्या तासाला कुर्त्याखाली ट्रॅक पॅन्ट, ओढणी नाही, असा नियम सर्वांसाठी एकच असावा, म्हणजे कोणा एकीला घरी एकटीने भांडावे लागत नाही.

पावसाळ्याचे चार महिने मैदानावर चिखल असतो, म्हणून व्हरांड्यात होणारे प्रकार जूनमध्येच बसवून घ्यावेत. काथ्याची किंवा नायलॉनची दोरी हे सर्वांत स्वस्त साधन आहे, आणि दोरीच्या उड्यांइतका हाडांना चांगला ताण देणारा दुसरा सोपा व्यायाम नाही. ज्या वयात हाडांचा साठा भरत असतो त्या वयात त्याचे मोल अधिक आहे. जोडीने उभ्या राहून एक मिनिट उड्या, एक मिनिट विश्रांती, अशा दहा फेऱ्या कराव्यात; पहिल्या आठवड्यात अर्ध्या मुली दहा-बारा उड्यांतच धापा टाकतात, म्हणून सुरुवातीला मोजणी जाहीर करू नये. श्रावणात फुगडी, झिम्मा, मंगळागौरीचे खेळ घ्यावेत. त्यात घाम निघतो आणि पालकांचा विरोधही होत नाही, उलट आज्याच शिकवायला येतात. मैदान सुकले की लंगडी, खो-खो आणि कबड्डी. कबड्डी कोकणात घरोघरी माहीत आहे, आणि गावातील जुन्या खेळाडू मुलींना आठवड्यातून एकदा बोलावले तर त्या आनंदाने येतात. ज्या मुलीला सामने नको असतात तिला वेगळा पर्याय द्यावा. केवळ संघ निवडण्यात तास गेला तर ज्या मागे उरतात त्या कायमच्या मागे उरतात.

या सगळ्याच्या आधी शौचालय पाहावे. दाराला आतून कडी, आत पाणी, पॅड टाकण्याची सोय आणि वापरण्याजोगी स्वच्छता नसेल, तर मुली दिवसभर पाणीच पीत नाहीत आणि पाळीच्या दिवसांत घरी राहतात. कोकणच्या दमट उकाड्यात पाणी न पिता कबड्डी खेळायला लावणे धोक्याचे आहे. पाळीत खेळू नये, असे बंधन शाळेने घालू नये; ज्या मुलीला खेळायचे असेल तिने खेळावे, जिच्या पोटात दुखत असेल तिने कारण न सांगता बसावे.

शेवटी मोजमाप. वर्गात सर्वांसमोर वजनकाटा मांडून आकडे मोठ्याने वाचण्याची पद्धत ताबडतोब बंद करावी. वयात येताना मुलीच्या अंगावर चरबी चढणे स्वाभाविक असते. त्या वेळी ‘जाडी’ हा शब्द कानावर पडला की मुलगी रात्रीचे जेवण सोडते, आणि मग आपणच तिला परिपाठाला पाडतो. वजन-उंची एकांतात, वर्षातून दोनदा, वयानुसारच्या तक्त्यावर पाहावी; प्रौढांचे प्रमाण या वयाला लावू नये. वही मात्र चार रकान्यांची ठेवावी : आज सकाळी काही खाऊन आली का, या आठवड्याची गोळी घेतली का, या आठवड्यात खेळाचे किती तास प्रत्यक्ष झाले, आणि जून व जानेवारीतील हिमोग्लोबिन. ती वही दहावीच्या दोन मुलींनी भरावी आणि शिक्षिकेने शनिवारी पाहावी. हिमोग्लोबिनचा रकाना मात्र शिक्षिकेकडे वेगळा आणि गुप्त असावा. देणगीदाराला वर्षाअखेरीस हाच हिशेब, नावे वगळून, दाखवावा. तयारीला एप्रिल-मे लागेल : बचत गटाशी बोलणे, आरोग्य केंद्राकडून तपासणीची तारीख घेणे, दोऱ्या आणणे आणि नव्या वेळापत्रकात खेळाचा तास दिवसाच्या मध्यावर बसवून घेणे ही कामे १५ जूनला शाळा उघडण्यापूर्वी झालेली असावीत, कारण त्यानंतर पाऊस, प्रवेश आणि पुस्तके यांत कोणालाच सवड मिळत नाही.